एक रेपो, अनेक फोल्डरं: गिट वर्कट्रीचा रोजचा वापर

दुपारभर एका नव्या फीचरवर काम चाललेलं असतं. दहा-बारा फाइली उघड्या, त्यातल्या दोन अर्धवट, टेस्ट लाल. तेवढ्यात निरोप येतो की लाइव्हवर लॉगिन बंद पडलंय, आधी ते बघा. बहुतेकांचा हात आपसूक गिट स्टॅशकडे जातो. बदल बाजूला सारायचे, मेन ब्रँचवर जायचं, दुरुस्ती करायची आणि परत यायचं. ऐकायला सोपं आहे. पण ब्रँच बदलली की ढीगभर फाइली डिस्कवर नव्याने लिहिल्या जातात, बिल्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, एडिटर सगळा प्रोजेक्ट परत वाचायला घेतो, पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. आणि तासाभराने परत यावं तर स्टॅशमध्ये चार नोंदी असतात, त्यातली आजची कुठली ते आठवत नाही.

दुसरी वाट म्हणजे त्याच रेपोचा (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या साठ्याचा) आणखी एक क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत. ही वाट वाईट नाही. मी कित्येक वर्षं तीच धरली होती. पण दोन क्लोन म्हणजे दोन वेगळे संसार. एकात काढलेली ब्रँच दुसऱ्यात दिसत नाही, फेच दोनदा करावं लागतं, हुक (गिट ठरावीक वेळी आपोआप चालवतं त्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिग दोन्हीकडे सांभाळावे लागतात.

तिसरी वाट गिटमध्येच आहे, तीही जुलै 2015 मध्ये आलेल्या 2.5 या आवृत्तीपासून: गिट वर्कट्री. रेपो एकच, इतिहास एकच, पण कामाची फोल्डरं हवी तेवढी आणि प्रत्येक फोल्डरात वेगळी ब्रँच उघडलेली. तिच्या कमांड शिकायला दहा मिनिटं पुरतात. माणसं अडखळतात ती पुढे. गिट फक्त त्याच्या ताब्यातल्या फाइली नव्या फोल्डरात मांडून देतं. पॅकेजं, गुप्त किल्ल्या, डेटाबेस, पोर्ट यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, ते सगळं आपल्याला लावावं लागतं. म्हणून त्या भागाला इथे जास्त जागा दिली आहे.

लेखातल्या कमांड आपण तोंडाने जशा म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. उदाहरणातल्या प्रोजेक्टच्या फोल्डराचं नाव आहे हिशेब.

पहिली वर्कट्री

हिशेब फोल्डरात जाऊन या दोन कमांड द्या:

गिट फेच
गिट वर्कट्री ॲड --नो-ट्रॅक -बी लॉगिन-दुरुस्ती ../हिशेब-तातडी ओरिजिन/मेन

-बी च्या पुढे नव्या ब्रँचचं नाव, मग नव्या फोल्डराचा पत्ता आणि शेवटी ब्रँच कुठून फुटायची ते. हिशेबच्या शेजारी हिशेब-तातडी नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात ओरिजिनच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोच्या, ताज्या मेनवरून काढलेली लॉगिन-दुरुस्ती ब्रँच उघडलेली असते. हिशेबमधल्या अर्धवट फाइलींना धक्कासुद्धा लागत नाही. नव्या फोल्डरात जायचं, दुरुस्ती करायची, कमिट करायचं, पुश करायचं.

--नो-ट्रॅक मुद्दाम घातलं आहे. ते नसेल तर गिट समजतं की ही ब्रँच ओरिजिनच्या मेनचाच पाठपुरावा करते आहे, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये नुसतं गिट पुश म्हटलं की दोन्हीकडची नावं जुळत नाहीत म्हणून अडून बसतं. पहिला पुश असा करा:

गिट पुश -यू ओरिजिन हेड

ब्रँच आधीपासून असेल तर -बी लागत नाही:

गिट वर्कट्री ॲड ../हिशेब-अहवाल अहवाल

अहवाल ही ब्रँच तुमच्याकडे नसली, पण एकाच रिमोटवर त्या नावाची ब्रँच असली, तर गिट तिच्यावरून तुमची ब्रँच आपणहून काढतं. ब्रँचचं नाव न देता नुसता पत्ता दिलात तर फोल्डराच्या नावाचीच ब्रँच तयार होते. हिशेब-तातडी-2 अशा नावाच्या ब्रँच रिमोटवर दिसू लागल्या की समजावं, कुणीतरी हे गाळलंय. मी ब्रँचचं नाव नेहमी लिहितो.

आता गिट वर्कट्री लिस्ट म्हणा. प्रत्येक ओळीत फोल्डराचा पत्ता, कमिटचा छोटा हॅश आणि चौकटी कंसात ब्रँच दिसते. ही कमांड कुठल्याही वर्कट्रीतून चालते. नुसतं गिट ब्रँच म्हटलं तरी दुसऱ्या फोल्डरात उघडलेल्या ब्रँचपुढे अधिकचं चिन्ह येतं.

आत काय घडलं, ते एकदा डोळ्यांनी पाहा

हे पाच मिनिटं काढून कराच, कारण पुढच्या निम्म्या अडचणी यातूनच उलगडतात. हिशेब-तातडीमध्ये जाऊन लपलेल्या फाइलींसकट यादी काढा. तिथे डॉट-गिट दिसेल, पण ते फोल्डर नाही, एक छोटीशी फाइल आहे. कॅट करून उघडलीत तर आत एकच ओळ:

गिटडिर: /होम/काम/हिशेब/.गिट/वर्कट्रीज/हिशेब-तातडी

ही फाइल म्हणजे फक्त घराचा पत्ता. खरा रेपो मूळ हिशेबमध्येच आहे. त्या पत्त्यावर गेलात तर तिथे या वर्कट्रीचं स्वतःचं हेड (आपण कुठल्या ब्रँचवर आहोत ती खूण) आणि स्वतःचा इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी स्टेज केलेल्या फाइलींची नोंद) सापडतो, शिवाय गिटडिर नावाची एक फाइल असते, तिच्यात उलट दिशेचा पत्ता असतो. दोघांकडे एकमेकांचे पत्ते, एवढ्यावरच सगळा डोलारा उभा आहे. फोल्डर हाताने हलवलं की वर्कट्री का मोडते, याचं उत्तर इथेच आहे.

यावरून काय सामाईक आणि काय वेगळं तेही कळतं. कमिट, ब्रँच, टॅग, रिमोट, कॉन्फिग आणि हुक सगळ्यांचे एकच. म्हणून एका फोल्डरात फेच केलं की सगळीकडे पोचतं, आणि एका वर्कट्रीत केलेलं कमिट दुसरीत लगेच चेरी-पिक करता येतं, म्हणजे तेवढंच उचलून लावता येतं, मध्ये पुश-पुल नाही. हेड, इंडेक्स आणि चालू असलेला मर्ज, रिबेस किंवा बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटपासून आला ते शोधणं) मात्र ज्याचा त्याला.

स्टॅश सामाईक आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एका फोल्डरात स्टॅश केलेले बदल दुसऱ्या फोल्डरात पॉप होतात. मेनवर चुकून सुरू केलेलं काम योग्य फोल्डरात न्यायला ही उत्तम सोय आहे. पण दोन्हीकडे सवयीने स्टॅश करत राहिलात तर नुसतं पॉप म्हटल्यावर भलत्याच कामाचे बदल अंगावर येतील. वर्कट्री वापरायला लागल्यापासून मी स्टॅश करताना पुश -एम देऊन संदेश लिहितोच.

फोल्डर ठेवायचं कुठे

शेजारी ठेवा, आत नाही. प्रोजेक्टच्या आतच एक फोल्डर करून, ते गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकून, त्यात वर्कट्री ठेवणारे बरेच आहेत, आणि काही टूलंही तशीच मांडणी करतात. तिचा तोटा हळूहळू कळतो. शोध घेतला की एकच फंक्शन चार ठिकाणी सापडतं. टेस्ट चालवणारं टूल आतल्या वर्कट्रीतल्या टेस्टही उचलतं. सगळ्यात फसवा प्रकार नोडच्या प्रोजेक्टमध्ये घडतो. नोडला एखादं पॅकेज जवळच्या नोड-मॉड्यूल्समध्ये सापडलं नाही तर तो एकेक पायरी वर चढत शोधत जातो. आतल्या वर्कट्रीत पॅकेजं टाकलीच नसतील तरी त्याला बाहेरच्या मूळ फोल्डरातली सापडतात, तीही दुसऱ्या ब्रँचसाठी टाकलेली. सगळं चालतंय असं वाटतं, आणि सीआयवर, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, आपटतं.

ब्रँचमागे फोल्डर नको, कामामागे जागा हवी

वर्कट्रीची ओळख करून देताना बहुधा सांगतात की नवी ब्रँच, नवं फोल्डर. काम झालं की दोन्ही पुसा. छोट्या प्रोजेक्टला ते ठीक आहे. पण पॅकेजं टाकायला दहा मिनिटं आणि पहिल्या बिल्डला वीस मिनिटं लागत असतील, तर तातडीच्या वेळी नवं फोल्डर काढून उपयोग काय? लॉगिन बंद आहे आणि आपण पॅकेजं उतरण्याची वाट बघतोय.

म्हणून माझी फोल्डरं कायमची आहेत, त्यातल्या ब्रँच येतात आणि जातात. हिशेबमध्ये माझं मुख्य काम. हिशेब-तातडी नेहमी तयार, पॅकेजं टाकलेली, एकदा बिल्ड झालेली. हिशेब-रिव्ह्यू दुसऱ्यांचा कोड चालवून बघण्यासाठी. मोठं, महिनाभर चालणारं काम असलं तरच चौथं. पाचव्याची गरज वाटली तर मी आधी थांबून विचारतो की एकाच वेळी खरंच पाच कामं करायची आहेत का. कोड लिहिणारे एआय एजंट एकाच वेळी चालवायचे असतील तर हिशोब बदलतो. तिथे प्रत्येक एजंटला वेगळी वर्कट्री द्यावीच लागते, नाहीतर ते एकमेकांच्या फाइलींवर लिहीत सुटतात.

कायमचं फोल्डर रिकामं असताना कुठल्या ब्रँचवर ठेवायचं? मेनवर ठेवता येत नाही, कारण मेन आधीच दुसरीकडे उघडलेली असू शकते. त्यावर उपाय म्हणजे डिटॅच्ड हेड, म्हणजे कुठल्याही ब्रँचवर न राहता थेट एखाद्या कमिटवर असणं. ते फोल्डर पहिल्यांदा तयार करतानाच अशी कमांड द्या:

गिट वर्कट्री ॲड --डिटॅच ../हिशेब-तातडी ओरिजिन/मेन

निरोप आला की त्यात जाऊन गिट फेच, आणि मग:

गिट स्विच --नो-ट्रॅक -सी लॉगिन-दुरुस्ती ओरिजिन/मेन

काम पुश झालं की गिट स्विच --डिटॅच ओरिजिन/मेन. फोल्डर पुन्हा मोकळं. डिटॅच्ड हेडचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. त्या अवस्थेत कमिट करत बसू नका, एवढंच पथ्य. फोल्डर रिकामं असताना आठवड्यातून एकदा त्याला ताज्या ओरिजिन/मेनवर आणून पॅकेजं आणि बिल्ड ताजं करून ठेवलंत, तर तातडीचं काम खरोखर दोन मिनिटांत सुरू होतं.

गिटच्या ताब्यात नसलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट डॉट-एन्व्ह, म्हणजे गुप्त किल्ल्या आणि सेटिंगांची फाइल. ती गिटमध्ये नसते आणि नसावीच, म्हणून नव्या वर्कट्रीत येत नाही. हाताने कॉपी करणं विसरलं जातं, तेव्हा हे काम पोस्ट-चेकआउट हुकवर सोपवा. गिट वर्कट्री ॲड केल्यावरही हा हुक चालतो, आणि त्या वेळी त्याला मिळणारं पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे नुसती शून्यं असतात. नव्या वर्कट्रीची खूण हीच. तेवढ्या वेळी हुकने गिट रेव्ह-पार्स --गिट-कॉमन-डिर विचारून मूळ रेपोच्या डॉट-गिटचा पत्ता काढायचा आणि त्याच्या शेजारची डॉट-एन्व्ह नव्या फोल्डरात कॉपी करायची. हुक सगळ्या वर्कट्रींना सामाईक असल्याने हे एकदाच लिहायचं. सिमलिंकपेक्षा (मूळ फाइलीकडे नेणाऱ्या दुव्यापेक्षा) कॉपी बरी, कारण पुढे प्रत्येक फोल्डराचा पोर्ट आणि डेटाबेस वेगळा ठेवावा लागतो.

पॅकेजांचं म्हणाल तर प्रत्येक वर्कट्रीत ती नव्याने टाका. नोड-मॉड्यूल्स सिमलिंक करण्याच्या मोहात पडू नका. दोन ब्रँचच्या लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदी) वेगळ्या झाल्या की एकीत टाकलेलं पॅकेज दुसरीला बिघडवतं. डिस्कची चिंता असेल तर पीएनपीएम वापरा. ते पॅकेजं एका सामाईक साठ्यात ठेवून फोल्डरांमध्ये हार्डलिंक करतं, त्यामुळे तिसऱ्या वर्कट्रीचा भार फारसा पडत नाही. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तर कधीच कॉपी करू नका. त्यातल्या स्क्रिप्टांमध्ये मूळ फोल्डराचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो, आणि नव्या फोल्डरात बसून तुम्ही जुन्या फोल्डरातलं पायथन चालवत राहता.

डेटाबेसने मला एकदा चांगलंच दमवलं. मुख्य फोल्डरात डेटाबेसची रचना बदलणारं एक मायग्रेशन लिहिलं होतं: ग्राहकांच्या टेबलात नवा कॉलम, रिकामा चालणार नाही असा, आणि डिफॉल्ट दिलेला नाही. मायग्रेशन माझ्या मशीनवरच्या डेटाबेसवर चालवलं. दोन तासांनी तातडीच्या फोल्डरात मेनवरून काढलेल्या ब्रँचवर नोंदणीची टेस्ट चालवली, तर प्रत्येक इन्सर्ट पडायला लागला. मी लॉगिनच्या दुरुस्तीतच चूक शोधत बसलो. ओळ न् ओळ तपासली, दुरुस्ती काढून टाकली, तरी टेस्ट लालच. शेवटी एरर नीट वाचली, तर तिच्यात त्या नव्या कॉलमचं नाव होतं. मेनच्या कोडला त्या कॉलमचा पत्ताच नव्हता. कोडची फोल्डरं दोन होती, डेटाबेस एकच होता. त्या दिवसापासून प्रत्येक वर्कट्रीच्या डॉट-एन्व्हमध्ये डेटाबेसचं नाव वेगळं असतं: हिशेब, हिशेब-तातडी, हिशेब-रिव्ह्यू.

डॉकर कंपोज वापरत असाल तर यातलं निम्मं काम आपोआप होतं. कंपोज प्रोजेक्टचं नाव फोल्डराच्या नावावरून घेतं आणि तेच कंटेनर व व्हॉल्यूमच्या नावांपुढे लावतं, त्यामुळे प्रत्येक वर्कट्रीचा डेटाबेस वेगळा उभा राहतो. पोर्ट मात्र आपटतात. बाहेरचा पोर्ट फाइलमध्ये पक्का लिहू नका, डॉट-एन्व्हमधून घ्या, आणि फोल्डरागणिक ठरवून द्या: 3000, 3100, 3200. आकडा बघून कुठल्या फोल्डराचं ॲप ब्राउझरमध्ये उघडलंय ते कळलं पाहिजे. नाहीतर एका फोल्डरात दुरुस्ती करायची, ब्राउझरमध्ये दुसऱ्या फोल्डराचं ॲप रिफ्रेश करायचं आणि बदल का दिसत नाही म्हणून अर्धा तास घालवायचा, हे ठरलेलं.

एडिटरची प्रत्येक वर्कट्रीसाठी वेगळी खिडकी उघडा आणि जमल्यास तिचा रंग बदला. तातडीची खिडकी लाल पट्टीची असली की चुकीच्या फोल्डरात टाइप करणं जवळजवळ थांबतं.

रिव्ह्यू आणि बायसेक्ट

पुल रिक्वेस्ट नुसती वाचून कळत नाही, ती चालवून बघावी लागते. गिटहबवर 482 क्रमांकाची असेल, तर रिव्ह्यूच्या फोल्डरात जाऊन:

गिट फेच ओरिजिन पुल/482/हेड
गिट स्विच --डिटॅच फेच_हेड

आपली कुठलीही ब्रँच यात तयार होत नाही, त्यामुळे नंतर साफ करायलाही काही उरत नाही.

बायसेक्टसाठी तर वर्कट्री फारच सोयीची. बायसेक्टची स्थिती वर्कट्रीगणिक वेगळी राहते, म्हणून रिव्ह्यूच्या फोल्डरात गिट बायसेक्ट रन लावून, टेस्टची स्क्रिप्ट देऊन सोडून द्या. ती इतिहासात मागेपुढे उड्या मारत बसेल आणि तुमच्या मुख्य फोल्डरातली एकही फाइल हलणार नाही.

एक ब्रँच, एकच फोल्डर

एकच ब्रँच दोन वर्कट्रींत उघडू गेलात तर गिट नकार देतं आणि ती कुठल्या फोल्डरात उघडली आहे ते सांगतं. हा नकार तुमच्या भल्याचा आहे. --फोर्स देऊन तो मोडता येतो, पण मोडू नका. समजा दोन्हीकडे अहवाल ब्रँच आहे आणि एका फोल्डरात कमिट केलंत. ब्रँच सामाईक असल्याने ती दुसऱ्या फोल्डरातही पुढे सरकते, पण तिथल्या फाइली आणि इंडेक्स जुनेच राहतात. तिथे गिट स्टेटस म्हटलं की तुमचंच नवं कमिट उलटवणारे बदल स्टेज झालेले दिसतात. घाईत कोणी कमिट केलं तर आधीचं काम पुसलं जातं. त्याच ब्रँचचा कोड दुसरीकडे नुसता चालवायचा असेल तर --डिटॅच देऊन उघडा.

दुसऱ्या वर्कट्रीत उघडलेली ब्रँच डिलीटही होत नाही. आधी तिथून हला, मग पुसा.

काढून टाकताना

गिट वर्कट्री रिमूव्ह ../हिशेब-अहवाल

कमिट न केलेले बदल किंवा गिटला न सांगितलेल्या नव्या फाइली असतील तर गिट थांबतं. ब्रँच शाबूत राहते, ती नको असेल तर वेगळी पुसायची. पण गिटइग्नोरमध्ये असलेल्या फाइली या तपासणीत धरल्याच जात नाहीत. त्या फोल्डरात डॉट-एन्व्हमध्ये नवी किल्ली टाकली असेल, लोकल डेटाबेसची एसक्यूलाइट फाइल असेल, तर न विचारता सगळं जातं आणि गिटमधून परत मिळवता येत नाही. म्हणून रिमूव्हच्या आधी गिट स्टेटस --इग्नोर्ड बघण्याची सवय लावा.

फोल्डर थेट डिलीट केलंत तर गिटच्या वहीत त्याची नोंद राहते आणि ब्रँच अजून तिथेच उघडली आहे असं ते सांगत राहतं. गिट वर्कट्री प्रून म्हटलं की नोंद जाते. गिट स्वतःही अशा नोंदी साफ करतं, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तीन महिन्यांनी. वर्कट्री काढून ठेवता येणाऱ्या डिस्कवर असेल तर याच सफाईत तिची नोंद उडू नये म्हणून गिट वर्कट्री लॉक करा.

हलवायचं असेल तर गिट वर्कट्री मूव्ह. ही आणि रिमूव्ह दोन्ही 2018 च्या 2.17 आवृत्तीपासून आहेत. हाताने आधीच हलवलं असेल तर त्या हलवलेल्या फोल्डरात जाऊन गिट वर्कट्री रिपेअर द्या. मूळ रेपोच हलवला असेल तर तीच कमांड मूळ रेपोत द्यायची. दोन्ही बाजूंचे पत्ते पुन्हा जुळतात.

कंटेनरमध्ये फक्त वर्कट्रीचं फोल्डर माउंट केलंत तर आत गिट चालणार नाही, कारण डॉट-गिट फाइलीतला पत्ता बाहेरच्या मशीनवरचा असतो. मूळ रेपोही त्याच पत्त्यावर माउंट करावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 2.48 पासून वर्कट्री ॲड करताना --रिलेटिव्ह-पाथ्स देता येतं. मग दोन्ही फोल्डरं एकाच पालक फोल्डरासकट माउंट केली की पुरे. मात्र त्यानंतर जुन्या आवृत्तीचं गिट तो रेपो उघडायला नकार देतं, तेव्हा एडिटर आणि इतर टूलं कुठलं गिट वापरतात ते आधी तपासा. सबमॉड्यूल असलेल्या रेपोत मूव्ह चालत नाही आणि रिमूव्हलाही --फोर्स लागतं. तिथे मी अजूनही दुसरा क्लोनच करतो.